नऊ पायांचं बटण आणि बाबांचा डबा

आमच्या घराण्यात जेवणाच्या डब्यावर पाय ठेवणारा मी पहिलाच.

डबा तसा बाबांचा. चौकोनी, जाड स्टीलचा, तीस वर्षं ऑफिसला पोळी-भाजी घेऊन गेलेला. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी तोही निवृत्त झाला आणि माळ्यावर जाऊन बसला. मला गिटारच्या पेडलसाठी धातूचा डबा हवा होता. या कामासाठी ॲल्युमिनियमचे ओतीव डबे तयार मिळतात, पण आत काहीही नसलेल्या डब्याला पैसे मोजणं आमच्या रक्तात नाही. मी माळ्यावर चढलो. आई खालून म्हणाली, "ने डबा. झाकण तेवढं जपून ठेव, ते रव्याच्या डब्यालाही बसतं." पुढे त्या डब्याला मी चार भोकं पाडली आणि तो उपडा करून जमिनीवर ठेवला. तेव्हा तिने विचारलं, "आता याचं काय करायचं?" मी म्हणालो, "पायाने दाबायचं." त्यानंतर जे झालं त्याला संवाद म्हणता येणार नाही. शेवटी तडजोड अशी निघाली, की दर वेळी पाय लागला की मी हात लावून नमस्कार करायचा. एका गाण्यात पेडल आठ वेळा दाबावं लागतं. हिशेब तुम्हीच करा.

पेडल फझचं. फझ म्हणजे काय, हे मी आजवर बऱ्याच नातेवाइकांना समजावलं आहे आणि प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं आहे: "म्हणजे आवाज बिघडवायचा?" हो, बिघडवायचाच. गिटारच्या तारेतून निघणारी लहर टेकडीसारखी गोलसर असते. ती इतकी मोठी करायची, की सर्किटच्या नऊ व्होल्टच्या छताला डोकं आपटून तिचा माथा सपाट व्हावा. टेकडीचं पाचगणीचं टेबललँड झालं की कानाला तो आवाज खरखरीत, जाडाभरडा, मधमाश्यांच्या पोळ्यात ट्रम्पेट वाजवल्यासारखा लागतो. काहींना तो आवडतो. मी त्यांच्यातला.

या आवाजाचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांचं 'डोन्ट वरी' नावाचं गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन बेस गिटार वाजवत होते आणि मिक्सरच्या त्या चॅनेलमध्ये काहीतरी घोटाळा झाला. गिटार घशात घोंगडं अडकल्यासारखी गुरगुरू लागली. आपल्याकडे अशा वेळी वायरमनला फोन जातो. तिथल्या मंडळींनी ते तसंच ठेवलं, १९६१ साली गाणं गाजलं आणि लोक विचारू लागले, तो आवाज कुठे मिळेल? तोवर त्या बिचाऱ्या चॅनेलने राम म्हटला होता. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने रेव्हिस हॉब्ज यांच्या मदतीने तीन ट्रान्झिस्टरचं सर्किट करून तोच बिघाड पुन्हा बनवला आणि गिब्सन कंपनीला विकला. १९६२ साली तो 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने दुकानात आला. बिघाड विकत घ्यायला गिऱ्हाईक सुरुवातीला फारसं धजावलं नाही. १९६५ साली गिटारवादक कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात तो वापरला, तोही खरं तर पुढे तिथे ब्रासवाद्यं वाजतील, तोवर खूण म्हणून. खूणच राहिली, ब्रासवाले आलेच नाहीत आणि पेडल खपू लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडात किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने याच आवाजापायी स्पीकरच्या कागदावर दाढीचं ब्लेड चालवलं होतं. ब्लेडपेक्षा ट्रान्झिस्टर बरा, हे आईलाही पटलं.

आणि आपण तरी वेगळं काय करतो? मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात ती कशासाठी? तारेने स्वच्छ न वाजता घोडीवर घासत, झणझणत वाजावं म्हणूनच. कुणाला उघडी जवारी आवडते, कुणाला बंद. फरक एवढाच, की तंबोऱ्यावर आजवर कुणी उघडी, बंद, आधी उघडी मग बंद, आणि दोन्ही एकदम अशी बटणं बसवलेली नाहीत. ती बुद्धी मला झाली.

माझ्याकडे तीन फझ सर्किटं तयार होती. पहिलं जर्मेनियमच्या दोन ट्रान्झिस्टरचं, १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसच्या वळणाचं. त्या मूळ पेडलचा आकार मायक्रोफोनच्या स्टँडच्या गोल बुडावरून घेतलेला होता, त्यामुळे जेवणाच्या डब्यावर हसणाऱ्यांनी इतिहास वाचावा. दुसरं न्यूयॉर्कच्या बिग मफवरून, चार ट्रान्झिस्टरचं, धष्टपुष्ट. तिसरं एकाच ट्रान्झिस्टरचं, पोस्टाच्या तिकिटावर मावेल इतकं, पण बोलायला दोघांना पुरून उरणारं. तीन डबे करून ओळीत ठेवणं सोपं होतं. पण सोपी गोष्ट करायला मी इंजिनिअर कशाला झालो?

एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. तीन फझ. एकेकटा वाजवला तर तीन आवाज. दोन एकामागे एक लावले तर क्रमाला महत्त्व असल्यामुळे सहा. तिन्ही लावले तर आणखी सहा. एकूण पंधरा. 'सगळं बंद' धरून सोळा. सोळा आवाज एका बटणावर फिरवायचे तर चार पोलचा आणि सोळा जागांचा रोटरी स्विच हवा. कागदावर ते फार देखणं दिसलं.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. तिथल्या एका काकांकडे मी कॉलेजपासून जातो. त्यांच्यामागे शंभरेक छोटे ड्रॉवर आहेत आणि कशात काय आहे हे फक्त त्यांना आणि विठोबाला ठाऊक.

"काका, रोटरी स्विच हवाय. चार पोल, सोळा वे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "रेल्वेत लागलास का?"

"नाही. का?"

"असलं बटण सिग्नलच्या केबिनमध्ये असेल. माझ्याकडे एक पोल बारा, दोन पोल सहा, तीन पोल चार, चार पोल तीन. गुणाकार कसाही कर, बाराच येतात."

"बरं, मग थ्रीपीडीटी फूट स्विच द्या दोन."

"फूट स्विच कशाला?"

"पायाने दाबायला."

"शिलाई मशीनचं पॅडल पुढच्या गल्लीत."

शेवटी त्यांच्याचकडे मिळाले. निळ्या प्लॅस्टिकच्या बुडाचे, वर चकचकीत लोखंडी टोपी, खाली तीन रांगांत नऊ पाय. पंधरा आवाजांचा बेत मी रस्त्यातच नऊवर आणला: पहिला आणि दुसरा फझ पायाच्या बटणांनी चालू-बंद, त्यांचा क्रम उलटवायला एक खटका, आणि तिसऱ्याला बाजूने मिसळायला आणखी एक. एकूण चार बटणं. सोल्डरिंगचे पाय मोजले: नऊ, नऊ, नऊ आणि सहा. तेहतीस. संख्या शुभ आहे असं मी मनाशी म्हटलं.

थ्रीपीडीटी म्हणजे तीन पोल, दोन थ्रो. हे पोल आणि थ्रो प्रकरण मला पुस्तकातून जितकं कळलं त्याहून लख्ख आमच्या सोसायटीच्या वायरमनने सांगितलं. तो जिन्यातला दिवा दुरुस्त करायला आला होता. मी दारात तो नऊ पायांचा प्राणी हातात धरून उभा. त्याने घेऊन उलटापालटा केला. "दादा, हे तर जिन्याचंच बटण. खालच्याने लावायचं, वरच्याने विझवायचं, ते असतं ना टू-वे? मधे एक वायर, ती इकडे तरी नाहीतर तिकडे तरी. तसली तीन बटणं एका दांड्यावर बसवलीत, म्हणजे हे." एवढंच. मधला पाय म्हणजे ये-जा करणारा जावई, वरचा आणि खालचा म्हणजे दोन घरं, आणि अशा तीन जोड्या एकाच झटक्यात घर बदलणार. पायाच्या बटणात दोन जोड्या आवाजाला सर्किटमधून किंवा बाहेरून नेतात आणि तिसरी फक्त दिवा लावते. दिवा नसेल तर चालू काय आणि बंद काय हे कळत नाही. फझच्या बाबतीत तरी कळायला हवं, पण असो.

क्रम उलटवणारा खटका ही खरी गंमत. पुढची जोडणी मी इतक्या वेळा केली आहे, की झोपेतही सांगेन. तीन मधले पाय: एकावर पहिल्या फझचं तोंड, दुसऱ्यावर दुसऱ्या फझचं तोंड, तिसऱ्यावर बाहेर जाणारी वायर. आता पहिल्याच्या तोंडाला एका बाजूला गिटार मिळाली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या फझचं शेपूट. दुसऱ्याच्या तोंडाला एका बाजूला पहिल्याचं शेपूट, दुसऱ्या बाजूला गिटार. बाहेरच्या वायरीला एकदा दुसऱ्याचं शेपूट, एकदा पहिल्याचं. म्हणजे गिटार दोन ठिकाणी हवी, दोन्ही शेपट्याही दोन-दोन ठिकाणी. म्हणून बाहेरच्या सहा पायांमध्ये तीन छोटे जोड द्यायचे आणि नऊच्या नऊ पाय भरतात, एकही वाया जात नाही. सुडोकू सुटल्याचा आनंद होतो. खटका वर केला की गिटार, पहिला, दुसरा, बाहेर. खाली केला की गिटार, दुसरा, पहिला, बाहेर.

हे कागदावर. प्रत्यक्षात नऊ पाय एकमेकांपासून काही मिलिमीटरवर असतात आणि सोल्डरिंग आयर्न चुलीतल्या लाकडासारखं जाड वाटतं. पहिला डाग सुरेख बसतो. पाचव्यापर्यंत माणूस स्वतःवर खूश असतो. सातव्या पायाशी जाताना पाचव्यावरच्या वायरीचं प्लॅस्टिक वितळतं. आठवा पाय गरम होऊन बुडातल्या प्लॅस्टिकमध्ये किंचित खचतो आणि आतला झुला कायमचा एका घरी राहायला जातो. बाहेरून काहीही दिसत नाही. 'टक्' असा आवाजही नेहमीसारखाच येतो. असे दोन जावई माझ्या हातून गेले. तिसरा मात्र उत्तम जमला. नऊपैकी एकही डाग खराब नाही, पण चालू केल्यावर दिवा लागायचा तेव्हा आवाज बंद आणि आवाज यायचा तेव्हा दिवा बंद. दोन रात्री गेल्यावर कळलं, की मी बटण नव्वद अंशांत फिरवून डब्यात बसवलं होतं. या बटणाचे पाय चपटे असतात आणि त्यांची चपटी बाजू आडवी आली तरच उभ्या रांगा एकेका जोडीच्या. मी आडव्या रांगांना कुटुंबं समजून लग्नं लावली होती.

यानंतर वीज. जर्मेनियमचे माझे ट्रान्झिस्टर एसी १२८, जुन्या रेडिओतून काढलेले, एकावर तर भारत इलेक्ट्रॉनिक्सची अक्षरं अजून वाचता येतात. ते पीएनपी जातीचे. त्यांच्या सर्किटमध्ये बॅटरीचं अधिक टोक जमिनीला, म्हणजे डब्याला जोडतात. बिग मफच्या घरी उलट: उणे टोक डब्याला. दोघं वेगवेगळ्या डब्यांत वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर सुखाने नांदतात. मी दोघांना एका डब्यात आणि एकाच ॲडॅप्टरवर आणलं. डब्यातच अधिक आणि उणे भेटले. ॲडॅप्टरने एकदा 'टिक्' केलं, थोडा वास आला, आणि आई आतून म्हणाली, "दूध उतू गेलं का रे?"

उपाय साधा: जर्मेनियमला त्याची स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी. तो मिलिअँपिअरभरच वीज खातो, बॅटरी महिनोन् महिने पुरते. गिटारची पिन खोचली की बॅटरी जोडली जाते आणि काढली की सुटते, अशी सोय सॉकेटमध्येच असते. अट एकच, पिन काढायची आठवण राहावी. मला राहत नाही. त्यामुळे माझ्याकडे महिनोन् महिने पुरणारी बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांनी संपते.

जर्मेनियमचा दुसरा नखरा उन्हाळ्याचा. त्यातून नको असताना थोडी वीज गळत राहते आणि साधारण दर दहा अंशांमागे ही गळती दुप्पट होते. जानेवारीत मी दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं टोक मल्टिमीटर लावून नऊ व्होल्टच्या बरोबर निम्म्यावर आणलं होतं, आवाज तुपासारखा. एप्रिलच्या दुपारी तेच सर्किट तोंडात रवा भरून बोलल्यासारखं वाजू लागलं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की पुन्हा तूप. हा प्रयोग मी घरात न सांगता केला. बायकोला कोथिंबिरीच्या पिशवीत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर दोन छोट्या धातूच्या टोप्या सापडल्या. "ही काय भाजी आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "जर्मन." ती काही बोलली नाही. हे जास्त वाईट.

किरकोळ आजार बरेच. बटण दाबलं की स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज यायचा आणि खालच्या मजल्यावरचे काका पंख्याकडे बघायचे. कॅपॅसिटरमधून झिरपलेली वीज बटणाच्या पायाशी साठते आणि दाबताक्षणी उडी मारते, म्हणून धप्प. तिला निमूट जमिनीत जाऊ देणारा दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर, तपकिरी-काळा-हिरवा, दोन्ही टोकांना लावला की उडी थांबते. दुसरा आजार मोठा मनोरंजक. डब्यात वायरींचं इतकं जंजाळ झालं होतं, की त्यांचाच अँटेना झाला. एका रात्री गिटारला हातही न लावता पेडल बोलू लागलं. आकाशवाणी. कृषी उत्पन्न बाजार समितीतले भाव, दोन फझमधून. कांदा आणि बटाट्याचे भाव इतक्या संतापाने मी कधी ऐकले नव्हते. शेतकऱ्याची बाजू त्या आवाजात फार प्रभावीपणे मांडली गेली होती. आत येणारी वायर जाळीवाली घेतली, तोंडाशी एक चिमुकला कॅपॅसिटर लावला आणि बातम्या बंद झाल्या. आईला वाईट वाटलं.

मग तिसरा फझ. त्याला बाजूने, म्हणजे इतरांच्या जोडीला समांतर लावायचं. दोन आउटपुट नुसती एकत्र बांधली तर ती एकमेकांना खाली ओढतात, म्हणून प्रत्येकाच्या शेपटाशी एकेक रेझिस्टर. इतकी काळजी घेतली आणि खटका दाबला. दोन धटिंगण आवाज एकत्र आले आणि बाहेर पडलं डासाचं गुणगुणणं. एकेकटे लावले तर दोघेही ठणठणीत. कारण पुढे लक्षात आलं, आणि ते शाळेच्या गणितातलं होतं. या सर्किटांतल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून जाताना लहर उलटी होते. दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटात दोनदा उलटून सुलट बाहेर येते. बिग मफमध्ये चारदा उलटते, पुन्हा सुलट. एकाच ट्रान्झिस्टरचं मात्र उलटंच राहतं. एक म्हणतो वर चला, दुसरा त्याच क्षणी म्हणतो खाली चला. दोघांचे माथे वेगवेगळ्या तऱ्हेने तासलेले, म्हणून पुरतं शून्य होत नाही, थोडी कुरकुर उरते. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच चालते: आवाज प्रचंड, इतिवृत्तात दोन ओळी. तिसऱ्यामागे आणखी एक उलटवणारा ट्रान्झिस्टर लावला की प्रश्न सुटतो. डब्यात जागा नव्हती. मी त्याला 'वेगळा सूर' असं नाव दिलं आणि पुढे गेलो.

तीन महिन्यांनी डबा पूर्ण झाला तेव्हा मी बायकोची परीक्षा घेतली. ती पाठमोरी बसली, मी एकच तुकडा नऊ तऱ्हांनी वाजवला आणि तिने प्रत्येकाला नाव द्यायचं ठरलं. पहिल्याला ती म्हणाली, "मिक्सर." दुसऱ्याला, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय." तिसऱ्याला, "मिक्सरमध्ये चमचा." चौथ्याला, "मघाचाच चमचा." तिसरा फझ मिसळल्यावर, "आता मिक्सर शेजारच्यांकडे चालू आहे." नऊ आवाजांची तीन नावं झाली. मी तिला समजावलं, की 'पहिला मग दुसरा' आणि 'दुसरा मग पहिला' यांत फोडणीत डाळ ओतणं आणि डाळीवर फोडणी ओतणं इतका फरक आहे. ती म्हणाली, "दोन्ही वरणच."

खरं सांगायचं तर फरक आहे. जर्मेनियमच्या फझला गिटार थेट समोर लागते. मग गिटारवरची आवाजाची चावी करंगळीने जरा कमी केली, की खरखर ओसरून स्वच्छ, घंटेसारखा सूर निघतो. त्याच्या आधी बिग मफ बसवला, की त्याला गिटार दिसतच नाही, दिसतं ते मफने आधीच केलेलं टेबललँड, आणि चावी कितीही फिरवा, सपाटच. शिवाय सपाटाला आणखी सपाट करता येत नाही, त्यामुळे दुसरा फझ मुख्यतः पहिल्याचा गोंगाटच मोठा करून देतो. हा फरक वाजवणाऱ्याच्या करंगळीला कळतो. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तो फारसा पोचत नाही. नऊ पायांच्या त्या खटक्याचा सगळा जन्म एका करंगळीसाठी होता.

बायकोने तेव्हाच तो प्रश्न विचारला. अगदी साधेपणाने, डिशमधले शेंगदाणे उचलत. "दोन वेगळे डबे शेजारी ठेवले असते आणि क्रम बदलायचा तेव्हा वायर काढून इकडची तिकडे लावली असती, तर?"

मी तिला तीन महिन्यांत काय काय शिकलो ते सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण तर?"

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळाली. मंडपात मूर्तीसमोर वाजवायचं, म्हणून चपला बाहेर. इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या लोकांनी ही लोखंडी टोपीची बटणं काढली त्यांनी बूट गृहीत धरले होते. अनवाणी तळव्याने ते बटण दाबून पाहा. पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझ्या तोंडून जो सूर निघाला तो पेडलच्या नऊ आवाजांत नव्हता. मग अंगठ्याने दाबायला गेलो. डबा बाबांचा, एका माणसाच्या चार पोळ्यांच्या मापाचा. दोन बटणांमध्ये चार सेंटिमीटर अंतर आणि माझा पाय नऊ नंबरचा. दोन्ही एकदम दाबली गेली आणि टाच लागून वरचा एक खटकाही पडला. पुढचा सगळा तुकडा शेजाऱ्यांच्या मिक्सरमधून वाजला. पहिल्या रांगेतली लहान मुलं खूश होती. आई डोळे मिटून हात जोडून बसली होती. मी वाकून डब्याला हात लावला आणि नमस्कार केला. लोकांना वाटलं गणपतीला केला, टाळ्या पडल्या.

आता डब्यावर काळी इन्सुलेशन टेप आहे. क्रमाच्या खटक्यावर एक पट्टी, मिसळण्याच्या खटक्यावर एक, आणि बिग मफच्या बटणावर शाम्पूच्या बाटलीचं झाकण उपडं घालून त्यावर दोन. उघडं आहे ते फक्त पहिल्या फझचं बटण. थंडीत तो सुरेख वाजतो.

नव्या पेडलसाठी मला दुसरा डबा मिळालाय. हा अख्खा, तिन्ही फझ आणि तेहतीस पायांसकट, कुणाला हवा असेल तर घेऊन जावा. पैसे नकोत. बॅटरी आठवड्याभरापूर्वीची आहे. मात्र बुडाला स्क्रूने बसवलेलं झाकण तेवढं काढून परत आणून द्यावं. रव्याला मुंग्या लागतायत.